गोंदण आणि टिकली

कपाळावर मिरवायच्या गोष्टी दोन. एक गोंदण आणि दुसरी टिकली. गोंदण एकदा झालं की झालं. ते आनंदात असतं, सुतकात असतं, झोपेत असतं आणि कपाळाच्या मालकिणीचा विचार पुढं बदलला तरी असतंच. टिकलीचं तसं नाही. वाटलं तर लावली, नाही तर काढून आरशाला चिकटवली. आमच्या घरच्या आरशावर एके काळी इतक्या टिकल्या होत्या, की दाढी करताना मला स्वतःला देवी आल्यासारखं वाटे. पण तेवढी गैरसोय सोडली तर टिकली ही फार सभ्य वस्तू आहे. ती चेहऱ्याला विचारून येते आणि सांगितलं की जाते.

हे कपाळपुराण लावायचं कारण वेगळंच आहे. परभाषेतल्या चित्रपटाखाली ज्या ओळी येतात, त्यांच्यातही गोंदण आणि टिकली असे दोन प्रकार आहेत. या ओळींना कोशात ‘उपशीर्षके’ म्हणतात. हा शब्द ऐकला की मला उपअभियंता आठवतो आणि आपलं काम आता आठ दिवस तरी होत नाही असं वाटायला लागतं. म्हणून मी आपलं ‘खालच्या ओळी’ म्हणतो. तर या खालच्या ओळी काही कॅसेटींवर आणि तबकड्यांवर चित्रातच कायमच्या गोंदलेल्या असतात; काहींवर त्या बटण दाबलं की येतात आणि बटण दाबलं की जातात. माझं म्हणणं एवढंच, की घरी आणायच्या चित्रपटावर गोंदणाला मज्जाव असावा. टिकली हवी तेवढी लावा.

तुम्ही म्हणाल, चिरनेरसारख्या गावात बसून या माणसाला ही उठाठेव कुणी सांगितली? खरं आहे. चिरनेर म्हटलं की लोकांना महागणपती आठवतो, मातीची मडकी आठवतात आणि १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. जपानी चित्रपट कुणाला आठवत नाही. पण २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगराशी आमच्या पंचक्रोशीतल्या माणसांनी ‘आमच्या दारातलं जंगल, आणि आम्हालाच लाकूड तोडायची बंदी का?’ हा प्रश्न गोळ्या झेलून विचारला. त्या प्रश्नापुढं माझा प्रश्न म्हणजे हत्तीपुढं मुंगी, हे मला मान्य आहे. मात्र ‘वस्तू आमची, मग आम्हाला न विचारता हे का?’ असं विचारायची खोड गावाच्या पाण्यातच आहे, तिला मी तरी काय करू?

मूळ पाहायला गेलं तर सिनेमावाल्यांना ही अक्कल जन्मापासून होती. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा पडद्यावर आधी चित्र दिसे, मग पाटी दिसे, मग पुन्हा चित्र. पाटी पाटीच्या जागी, हरिश्चंद्र हरिश्चंद्राच्या जागी. तारामतीच्या पदरावर अक्षरं नाचत नव्हती. आणि मूकपटाची मोठी सोय अशी, की चित्रपट दुसऱ्या देशात पाठवायचा झाला तर तेवढ्या पाट्या कापून काढायच्या आणि तिथल्या भाषेतल्या जोडायच्या. चित्राला धक्का नाही. जपानात तर पडद्याशेजारी ‘बेन्शी’ नावाचा माणूस उभा राहून सगळी कथा रंगवून सांगे. तो म्हणजे आमच्या कीर्तनकाराचा चुलतभाऊच म्हणायचा. हे बेन्शी इतके लोकप्रिय, की लोक बेन्शी कोण आहे ते पाहून तिकीट काढत.

बोलपट आला आणि घोटाळा झाला. माणसं बोलू लागली, त्यामुळं मधे पाटी घालता येईना. मग अक्षरं चित्रावरच घ्यावी लागली. ती कशी घेत, हे ऐकण्यासारखं आहे. फिल्मच्या पट्टीवर मेणाचा थर द्यायचा, त्यावर अक्षरांचे तापलेले ठसे उमटवायचे आणि मेण वितळून उघड्या पडलेल्या जागेवर रसायन सोडायचं. ते रसायन तिथलं चित्र खाऊन टाकी. अक्षर पांढरं दिसे, कारण त्या जागी काही उरतच नसे. मागचा दिवा तेवढा दिसे. आपण म्हणतो ‘चित्रावर लिहिलंय’. लिहिलेलं काही नसतं, चित्र खरवडलेलं असतं. सुईनं गोंदणाऱ्या बाईची पद्धत याहून मवाळ म्हणावी लागेल.

थिएटरात हे समजण्यासारखं होतं. तिथं पडदा एक आणि माणसं पाचशे. प्रत्येकाच्या हातात बटण देणार कुठून? पण १९८० च्या दशकात चित्रपट घरात आले आणि गोंदणही घरात आलं. रंगीत टीव्ही १९८२ च्या एशियाडबरोबर आला, पाठोपाठ व्हीसीआर आला. आमच्याकडं तो पनवेलहून एका रात्रीच्या भाड्यानं येत असे. पैसे वसूल व्हावेत म्हणून रात्रभर ओळीनं तीन चित्रपट लागत आणि पहाटे प्रेक्षकांचे डोळे व्हीसीआरच्या दिव्यासारखे लाल होत.

अशाच एका रात्री आमचे मेहुणे मुंबईहून एक कॅसेट घेऊन आले. मेहुणे एका फिल्म सोसायटीचे सभासद होते, त्यामुळं ते साधं बोलत नसत. ‘हे बघाच,’ एवढं म्हणून त्यांनी अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ लावला. चित्रपट १९५४ चा, काळा-पांढरा, लांबी २०७ मिनिटं, भाषा जपानी आणि खाली गोंदलेल्या इंग्रजी ओळी. कॅसेट कॉपीवरून केलेल्या कॉपीची कॉपी, त्यामुळं अक्षरं पावसात भिजलेल्या पत्रासारखी. अंगणात पाऊणशे माणसं. त्यांतल्या इंग्रजी वाचता येणाऱ्या दोघांपैकी एक मेहुणे होते आणि ते चित्रपट चालू असताना बोलणं पाप मानत. राहिलो मी.

“काय लिवलंय रं खाली?” आत्यानं पहिल्याच मिनिटाला विचारलं, आणि मी चिरनेरचा बेन्शी झालो.

गोष्ट आमच्या लोकांना सांगायची गरजच नव्हती. डोंगराखालचं गाव, पीक तयार झालं की लुटारू येणार, म्हणून शेतकरी सात लढवय्ये आणतात आणि मजुरी काय, तर पोटभर भात. यात कळायला अवघड काय आहे? “भातावर मानसं मिलायची तेव्हा,” आत्या म्हणाली. गावच्या यंदाच्या मजुरीच्या दराविषयी तिनं चार शब्द ऐकवले आणि ते जपानी शेतकऱ्याच्या तोंडी अगदी चपखल बसले. मी ओळी वाचत होतो, मराठीत सांगत होतो आणि जिथं पांढऱ्या आभाळावर पांढरी अक्षरं विरघळून जात तिथं गप्प बसत होतो. त्या वेळी गोष्ट कुणाचीच अडली नाही. शेवटी लढाई संपते, सातांतले तिघे उरतात आणि गावकरी गाणं म्हणत भाताची लावणी करायला लागतात. अंगणात एकदम शांतता झाली. “ही तं आपलीच लावनी!” आत्या म्हणाली. रोप धरायची, वाकायची, मागं सरकायची तीच रीत. आणि नेमका चिखलात खुपसलेल्या हातांवर इंग्रजी ओळींचा पडदा! “ती अक्षरं जरा बाजूला कर ना,” आत्या मला म्हणाली. पाऊणशे माणसांत त्या ओळी दोघांच्या उपयोगाच्या होत्या आणि त्र्याहत्तरांच्या आड येत होत्या. बटण असतं तर मी मागं बसून माझ्यापुरत्या पाहिल्या असत्या का? नाही, पडदा तेव्हाही एकच होता. पण लावणीपुरत्या तरी आत्याच्या वाटेतून दूर केल्या असत्या.

आपल्याकडच्या व्हीएचएसला फारसा दुसरा इलाज नव्हता, हे मी कबूल करतो. सबंध कॅसेटीत एकच चित्र बसे. नंतर आलेल्या व्हीसीडीलाही ओळी वेगळ्या ठेवायची सोय नव्हती. पण नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली आणि सगळ्या सबबी संपल्या. एका डीव्हीडीत ओळींचे ३२ वेगवेगळे थर ठेवता येतात. बत्तीस! आपल्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात भाषा २२ आहेत. त्या सगळ्या बसवल्या, एकमेकींशी न भांडता बसल्या असं धरलं, तरी दहा जागा पाहुण्यांसाठी उरतात. एवढ्या मोठ्या वाड्यात आपल्याकडच्या कित्येक तबकड्यांनी काय केलं? एकटी इंग्रजी आणून बसवली, आणि तीही दारावर खिळा ठोकून. परदेशातल्या काही कंपन्यांनी तर त्याहून कमाल केली. ओळी वेगळ्या थरात ठेवल्या, पण बंद करायचं बटण दाबलं की पडद्यावर मनाईची खूण उमटेल अशी व्यवस्था केली. म्हणजे टिकली घ्यायची आणि ती फेव्हिकॉलनं लावायची.

जपानी, फ्रेंच सोडा. खरं दुखणं घरचं आहे. मराठी चित्रपटाची तबकडी मराठी माणसानं पनवेलच्या दुकानातून आणावी, मराठी घरात लावावी आणि नायकानं तोंड उघडताच खाली इंग्रजी सुरू व्हावं, हा काय प्रकार आहे? महोत्सवासाठी, परीक्षकांसाठी, परप्रांतीयांसाठी त्या ओळी लागतात, कबूल. ऑस्करला पाठवायचा चित्रपट मराठीत समजून घ्या म्हणून तिकडच्या लोकांना सांगता येत नाही. पण महोत्सवासाठी शिवलेला कोट घालूनच चित्रपटानं आमच्या ओसरीवर का यावं? मी पाहिलेल्या एका विनोदी चित्रपटात एकजण दुसऱ्याला म्हणतो, “तुझ्या जिभेला काही हाड?” खाली इंग्रजीत चौकशी होती, की आपल्या जिव्हेत अस्थी नाही काय? पुढं एकानं दुसऱ्याला मामा बनवला, तेव्हा खाली त्यांचं खरोखरचं नातं जुळलेलं होतं. हे विनोद मूळ विनोदांपेक्षा बरे होते, हा भाग वेगळा.

त्याहून वाईट म्हणजे वेळेचा घोळ. विनोद हा सगळा वेळेचा खेळ. नट वाक्य बोलता बोलता थांबतो, डोळे फिरवतो आणि मग शेवटचा शब्द टाकतो. गोंदलेली ओळ थांबत नाही. ती सगळं वाक्य एकदम टाकून मोकळी होते. इंग्रजी शाळेतला पुतण्या ती वाचून आधी हसतो, नटाचं वाक्य त्या हसण्यात बुडतं आणि आम्ही विचारतो, “काय झालं?” तोवर पुढचा विनोद गेलेला असतो. घरात तीन पिढ्या तीन वेगवेगळ्या वेळी हसतात. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, यांच्याकडं काहीतरी बिघडलंय. आणि “तू वाचू नकोस” असं त्याला सांगून उपयोग नसतो. डोळ्यापुढं अक्षर आलं की साक्षर माणूस ते वाचतोच. भेळेच्या कागदावरची निविदा-सूचनासुद्धा आपण शेवटपर्यंत वाचतो.

आता गोंदणवाद्यांचं म्हणणं ऐकू. ते म्हणतात, “ओळी म्हणजे कलाकृतीचा भाग आहे.” क्वचित असतो. वुडी ॲलनच्या ‘ॲनी हॉल’मध्ये (१९७७) दोघं गच्चीवर कलेविषयी भारदस्त बोलत असतात आणि खाली त्यांच्या मनातलं उमटत असतं. तिथं ओळ हाच विनोद आहे; ती काढली तर प्रवेशच पडतो. अशा ओळी खुशाल गोंदा. कुंकू कुठं लावायचं ते जसं नवरीला कळतं तसं दिग्दर्शकाला कळतं. पण एरवी या ओळी दिग्दर्शकाच्या नसतात. चित्रपट संपल्यावर, दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसानं, फार तर दोन ओळींत आणि ओळीला चाळीसेक अक्षरांत बसवलेल्या असतात. हातात घड्याळ घेऊन केलेलं ते भाषांतर आहे. चांगलं असलं तर त्याचा सत्कार करा; पण वेद म्हणून ते चित्रावर कोरू नका.

कारण भाषांतर चुकतं. आणि चुकलेली टिकली काढता येते. अल्फोन्सो क्वारोनचा ‘रोमा’ हा मेक्सिकोतला चित्रपट स्पॅनिश भाषेतला. तो स्पेनमध्ये घरोघरी दाखवताना मेक्सिकोच्या स्पॅनिशखाली माद्रिदची स्पॅनिश घातली होती. जानेवारी २०१९ मध्ये दिग्दर्शक भडकला आणि त्या ओळी काढाव्या लागल्या. हे वाचून मला परकं काही वाटलंच नाही. आमच्या आगरी बोलीत ‘पानी’ म्हटलं आणि खाली कुणी ‘पाणी’ असं दुरुस्त करून छापलं, तर आमची आत्या टीव्हीला जाब विचारील. क्वारोनच्या ओळी काढता आल्या, कारण त्या वेगळ्या होत्या. स्वीडिश ‘लेट द राइट वन इन’ची तबकडी २००९ मध्ये अमेरिकेत निघाली तेव्हा थिएटरातल्यापेक्षा बाळबोध ओळी पाहून प्रेक्षकांनी ओरड केली आणि कंपनीनं पुढच्या प्रतींत थिएटरातल्या ओळी द्यायचं कबूल केलं. गोंदणाचं भाषांतर चुकलं तर कातडी सोलावी लागते.

दुसरं म्हणणं खर्चाचं. पण आख्ख्या चित्रपटाचे संवाद ज्या फायलीत मावतात ती शंभर किलोबाइटच्या आसपास असते. लग्नातला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि त्यात मागं उभ्या असलेल्या वाढप्याशिवाय कुणी नीट दिसत नसतं. तेवढी फाईल वेगळी ठेवायला खर्च येतो म्हणणं म्हणजे जेवणावळ घालून मीठ परवडत नाही म्हणण्यासारखं आहे.

तिसरं म्हणणं दयाळू लोकांचं. “खेड्यातल्या माणसाला बटण सापडत नाही हो.” अहो, खेड्यातल्या माणसाला मोबाईलवर सातबारा सापडतो, त्याला हे बटण सापडेल. आणि सापडत नसेल तर ओळी लावूनच द्या. मी कुठं नाही म्हणतो? चित्रपट सुरू होताना ओळी असू द्यात; फक्त त्या जायच्या दाराला कडी नको.

चौथं म्हणणं मात्र वजनदार आहे आणि ते मी टोपी काढून ऐकतो. ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक स्पॅनिश चित्रपट पाहताना म्हटलं, खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच ओळी असत्या तर भाषा शिकता आली असती. त्यातून आपल्याकडं गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायची कल्पना निघाली. अहमदाबादच्या आयआयएममधून ती पुढं गेली आणि १९९९ मध्ये गुजराती चित्रगीतांच्या कार्यक्रमापासून सुरू झाली. अर्धवट वाचता येणारी माणसं गाणं ऐकता ऐकता वाचू लागतात. त्या ओळी गोंदलेल्याच असतात आणि तशा असाव्यात, कारण ज्याला वाचनाची सवय नाही तो बटण शोधून वाचायला बसणार नाही. पण नीट पाहा, ते गोंदण कुणाच्या भाषेचं आहे? पाहणाऱ्याच्या. गुजराती गाण्याखाली गुजराती. तिथं डोळा आणि कान एकाच घरी नांदतात. मराठी संवादाखालच्या कायमच्या इंग्रजीनं आमची आत्या साक्षर होण्याची शक्यता नाही. झाली तर हताश होईल.

आणि इथंच माझ्या भांडणाचं मूळ आहे. गोंदलेली ओळ एक भाषा देते आणि बाकीच्यांची वाट बुजवते. इंग्रजी चित्रात मुरली की तिच्या जागी मराठी घालता येत नाही. घातली तर इंग्रजीच्या डोक्यावर बसते आणि दोघींच्या गर्दीत नट कमरेपासून वर उरतो. हाँगकाँगच्या जुन्या चित्रपटांत चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही ओळी गोंदलेल्या असत. आता तिसऱ्या भाषेच्या माणसानं तिथं उभं कुठं राहायचं? ‘सेव्हन सामुराई’खाली कुणी हौशीनं मराठी ओळी लिहिल्या, तर स्वच्छ चित्र असलेल्या प्रतीवर त्या आज लावता येतात. आमच्या त्या कॅसेटीवर जन्मात लावता आल्या नसत्या.

उलट बाजूही ऐका. आत्याला पुढं ऐकू येईनासं झालं. शेवटची काही वर्षं ती मराठी चित्रपट नुसती पाहत असे आणि मधूनच माझ्याकडं बघे. तिला मराठी वाचता येत होतं. चौथीपर्यंत शिकली होती. खाली इंग्रजी ठणठणीत हजर होती, मराठी मात्र नव्हती. अमेरिकेत बहिऱ्या माणसांसाठी अशा ओळी १९८० पासून टीव्हीवर येऊ लागल्या आणि जुलै १९९३ पासून १३ इंची वा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत त्या वाचायची सोय कायद्यानं सक्तीची झाली. सोय सक्तीची, पाहणं नव्हे. यालाच मी शहाणपण म्हणतो. आपल्याकडं जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’ची घरी पाहायची आवृत्ती ओळींसह द्यायला सांगितलं आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं चित्रपटगृहांतल्या अशा सोयींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे ओळींच्या विरुद्ध मी नाहीच. उलट ओळी वाढाव्यात असं मी म्हणतो. मराठी चित्रपटाला मराठी ओळी हव्यात, जपानी चित्रपटाला मराठी ओळी हव्यात आणि ज्याला नकोत त्याला कोरं चित्र हवं. हे तिन्ही एकाच वेळी फक्त टिकलीला जमतं.

तेव्हा निर्मात्यांनो, वितरकांनो आणि फोनवर चित्रपट चढवणाऱ्या हौशी मंडळींनो, एवढंच करा. चित्र स्वच्छ ठेवा. ओळी वेगळ्या ठेवा. त्यांत पहिली मराठी ठेवा. इंग्रजीला पाहुणी म्हणून दुसऱ्या पाटावर बसवा, ती रागावणार नाही, तिला सवय आहे जगभर फिरायची. मग सुरुवातीला त्या दिसू द्यात की लपू द्यात, याची मला फिकीर नाही. माझ्याकडं रिमोट आहे. तो सोफ्याच्या फटीत गेलेला असतो, पण आहे.